मिळून येत नाही

मंगळवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास खिडकीपलीकडच्या म्हातारीनं "धावडा" असं गावाचं नाव सांगितलं आणि राजानंद हिवराळे खुर्चीवरून उठलेच नाहीत.

पाहणाऱ्याला यात काही वावगं दिसलं नसतं. कचेरीतला माणूस लगेच उठत नाही हे खिडकीबाहेरच्यांना पाठ असतं. पण हिवराळे उठत. जालन्याच्या या कचेरीत जुन्या नोंदींच्या खोलीवर त्यांना एकतीस वर्षं झाली होती, आणि एकतीस वर्षं गावाचं नाव कानावर पडलं की आधी त्यांचे पाय निघत, डोकं मागाहून पोचे. वाटूर म्हटलं की डावीकडचा तिसरा रॅक, खालून दुसरा कप्पा. मंठा म्हटलं की पार भिंतीशी, जिथं पंख्याचा वारा पोचत नाही. त्यांना कधी आठवावं लागलं नव्हतं. घास तोंडाकडे नेताना हात कुठं वाट विचारतो? आज मात्र पाय जागचे हलले नाहीत. गाव माहीत होतं. अजिंठ्याच्या डोंगराकडचं, मक्याचं, मिरचीचं. एकदा तिथं लग्नाला गेलेलं आठवत होतं, तिथल्या वरणाचा तिखटपणासुद्धा जिभेवर होता. फक्त त्या गावाचे कागद या खोलीत कुठं आहेत ते आठवत नव्हतं. दात पडल्यावर जीभ त्या जागी जाते तशी त्यांची नजर रॅकांवरून फिरली आणि रिकामी परत आली.

"जय भीम, दादा," त्यांनी ऐकलं नसेल असं समजून म्हातारी पुन्हा म्हणाली. "सगुणाबाई माझं नाव. नातीच्या जातीच्या कागदासाठी आलेय. समिती म्हन्ती, पन्नास सालाच्या आधीचा पुरावा आना. शुक्रवारी तारीख हाय. पोरीचा नर्सिंगला नंबर लागलाय, कागद न्हाई गेला तर जागा दुसऱ्याला जाती."

"जय भीम, मावशी. कोणी पाठवलं तुम्हाला?"

"समदेच म्हन्ते, हिवराळे सायबाकडं जा. त्यांच्याकडं न्हाई असं होतच न्हाई."

हिवराळ्यांनी समोरचा कागद उगाच सरळ केला. "उद्या या," ते म्हणाले. "आज सर्व्हर बंद हाय."

बाजूच्या टेबलावरून कल्याणीनं मान वर केली. कल्याणी देहाडराय, वय सत्तावीस, नोकरीला तीन वर्षं, आणि महिनाअखेरीला हिवराळे निवृत्त झाले की ही खोली तिच्या ताब्यात येणार होती. निजामाच्या काळातल्या उर्दू कागदांचा सर्व्हरशी काडीचा संबंध नाही, हे तिला आता एवढ्यात कळायला लागलं होतं. तिनं मान पुन्हा खाली घातली, आणि ती खाली घातलेली मान हिवराळ्यांना दिवसभर सलत राहिली.

संध्याकाळी ते बसनं न जाता चालत निघाले. गांधी चमनवरून वळताना त्यांना वाटलं, थकवा असेल. अठ्ठावन्नाव्या वर्षी एखादं नाव हरवतं, त्यात काय! पण मनातल्या मनात ते गेल्या सहा महिन्यांची गोळाबेरीज टाळत होते. होळीच्या सुमारास जावयाला त्यांनी दोनदा भलत्याच नावानं हाक मारली होती. परवा स्वतःच्या गल्लीवरून सरळ पुढं गेले आणि पिठाच्या गिरणीपाशी उभे राहून, आपण कुठं निघालो होतो, असा विचार करत राहिले. गिरणीवाला म्हणाला, "काय हिवराळे साहेब, दळन न्हाई आनलं?" तेव्हा हसून वेळ मारून नेली. बायको दीपमाला, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. पोरांच्या तोंडावरून खोटं ओळखण्यात तिचा जन्म गेला. ती हल्ली त्यांच्याकडे पाहत राही आणि काही बोलत नसे. घरोघरी माणसं विसरतात. पण इतरांनी विसरणं आणि हिवराळ्यांनी विसरणं यात फरक होता. दुसऱ्यांकडे घर होतं, शेत होतं, कुणाचं बोलणं गोड होतं, कुणाची ओळख वरपर्यंत होती. हिवराळ्यांकडे आठवण होती. तेवढ्यावर ते उभे होते.

त्र्याण्णव साली त्यांना या खोलीत पाठवलं ते बढती म्हणून नव्हे. आस्थापनेच्या टेबलावर ते बरं काम करत होते, पण एक दिवस साहेबांनी बोलावलं. साहेब गोड बोलले. म्हणाले, "हिवराळे, तुमच्यासाठी एक शांत जागा आहे." शांत जागा म्हणजे मागच्या अंगाची, पत्र्याची, एका दिव्याची खोली. एक्क्याऐंशी साली जिल्हा वेगळा झाला तेव्हा जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून ट्रकांत भरभरून ज्या गोण्या आल्या होत्या, त्या बारा वर्षं तशाच शिवलेल्या. पावसानं भिजून सुकलेल्या, पुन्हा भिजलेल्या. आधीचा कारकून दारात खुर्ची टाकून बसे, आत कधी जात नसे. हिवराळे पहिल्या दिवशी आत गेले आणि धुळीनं घसा इतका कोंडला की बाहेर येऊन नळाखाली तोंड धरून बसले. त्यांच्या टेबलावर मग कोण आलं हे त्यांना माहीत होतं, आणि कुणाला धुळीत पाठवायचं हे साहेब लोक कसं ठरवतात हेही माहीत होतं. त्याबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत. वाटूरला वडलांनी सालगड्याचं काम करत त्यांना शिकवलं होतं. घरी जाऊन काय सांगणार, की मला गोण्यांत बसवलं? दुसऱ्या दिवशी त्यांनी नाकाला पंचा बांधला आणि पहिली गोणी उसवली.

चार वर्षं लागली. गावागावाचे कागद वेगळे करायचे, झटकायचे, लाल कापडाच्या बस्त्यांत बांधायचे. अर्धे कागद उर्दूत. ते लावायचे कसे? कुणीतरी सांगितलं, कदीम जालन्यात हबीबोद्दीन मुन्शी म्हणून जुन्या सरकारातले एक कारकून आहेत, ऐंशीच्या घरातले. दर रविवारी हिवराळे त्यांच्याकडे जाऊ लागले. पहिल्या दिवशी चहा आला तेव्हा ते आपली कपबशी कोणती हे ओळखण्यासाठी थांबले. सवय होती तशी. मुन्शींनी स्वतःची कपबशी पुढं सरकवली, म्हणाले, "लो ना बेटे, ठंडी हो जाती." मोतीबिंदू झालेले डोळे कागदाला टेकवून ते एकेक अक्षर दाखवत. फी विचारली तर हसले. "मेरे बाद ये कागजां कौन पढेगा रे? तू आया सो अच्छा हुआ." दोन वर्षांनी हिवराळे कुठलाही जुना कागद घडाघडा वाचू लागले, आणि मग हळूहळू कचेरीतली हवा फिरली. जमिनीच्या तंट्यात वकील दारात येऊन थांबू लागले. नवे साहेब आले की पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्यांना सांगे, "जुनं काही लागलं तर हिवराळे." एकदा तर मोठ्या साहेबांची गाडी त्यांना घ्यायला घरी आली. दीपमालानं गल्लीच्या टोकापर्यंत येऊन पाहिलं. ज्या खोलीत त्यांना गाडलं होतं तिथूनच ते उगवून आले होते.

आणि म्हणूनच सूची झाली नाही. प्रत्येक तपासणीत शेरा येई, "अभिलेखांची सूची तयार करावी," आणि प्रत्येक वेळी ते चार पानं लिहून देत, ज्यांवरून कुणालाही काही सापडलं नसतं. कुणी विचारलं तर म्हणत, काम चालू आहे. सूची म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्या दिवशी ती पुरी होईल त्या दिवशी हिवराळे पुन्हा कुणीही नव्हे.

बुधवारी ते अर्धा तास आधी कचेरीत गेले. दिवा लावला आणि चोरासारखे स्वतःच्याच खोलीत शोधू लागले. ज्या रॅकवर धावडा असायला हवं तिथं शेजारची गावं होती. मधे बस्ताभर फट होती आणि फटीत धूळ बसलेली होती, म्हणजे फट जुनी होती. म्हणजे बस्ता कुणीतरी काढला होता. कोणी? या खोलीत त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं. त्यांनी खालचे कप्पे पाहिले, वरचे पाहिले, शिडीवर चढले. शिडीवर असताना त्यांना क्षणभर कळेना की आपण काय शोधतो आहोत. लाल कापडं सगळीकडे सारखीच दिसत होती. एकतीस वर्षांत ती त्यांना कधी सारखी दिसली नव्हती. बगलेतून घामाचा ओघळ उतरला, आणि खाली कल्याणीचा आवाज आला, "सर, शिडी धरू का?"

"नको, मॅडम. तुम्ही तुमचं बघा." तो 'मॅडम' त्यांना स्वतःलाच बोचला. मुलगी वाईट नव्हती. वही घेऊन मागं मागं फिरे, विचारी, आणि ते म्हणत, "सांगीन की, घाई काय हाय." एकदा ती सहज म्हणाली होती, "आमच्या पणजोबांकडं पाच गावांचं दप्तर होतं, आजी सांगायची." तिच्या मनात काही नव्हतं. पण हिवराळ्यांनी त्या रात्री बराच वेळ छताकडे पाहत काढला होता. तिच्या माणसांकडे दप्तर होतं आणि आपली माणसं त्या दप्तरात होती, एकेका ओळीत, बापाच्या नावानं आणि जातीच्या नावानं. आता फिरून तीच वही, तेच घराणं. आपण पोटाला चिमटा घेऊन, नाकाला पंचा बांधून जे उसवलं, लावलं, ते आयतं हिच्या हाती द्यायचं? हा विचार त्यांना आवडत नव्हता, पण तो येई.

साडेअकराला सगुणाबाई आली. पाहुण्यांकडे राहिली होती. नऊवारीवर धुतलेली पांढरी ओढणी. खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. "सर्व्हर आला का, दादा?"

हिवराळ्यांच्या ड्रॉवरमध्ये एक छापील नमुना होता. तो फार कमी वेळा लागे. "आपण मागणी केलेला अभिलेख या कार्यालयात मिळून येत नाही." खाली सही, शिक्का. त्यांनी तो काढला, गावाचं नाव भरलं, सही केली. शिक्का मारला. कागद गजांतून बाहेर दिला.

"झालं का?" सगुणाबाईचा चेहरा उजळला. तिला वाचता येत नव्हतं. शिक्का जांभळा, ठसठशीत होता. तिनं कागद दोन्ही हातांनी धरला आणि कपाळाला लावला. "लई उपकार झाले, दादा. पोरगी रातभर झोपली न्हाई. मी म्हनलं, आपला मानूस बसलाय तिथं, होतंय बराबर." कागदाची घडी करून तिनं ती पिशवीत ठेवली, पिशवी पोटाशी धरली आणि उन्हात चालू लागली. फाटकापाशी वळून तिनं पुन्हा हात जोडले. हिवराळ्यांनीही जोडले.

मग ते जेवणाच्या डब्यासमोर बसले आणि डबा उघडला नाही. धावड्याला जाऊन शेजारचा कुणी पोरगा तो कागद वाचेल. किंवा वाचणारही नाही. शुक्रवारी समितीपुढं म्हातारी ती घडी उलगडून अभिमानानं पुढं करील, आणि टेबलामागचा माणूस तो वाचून म्हणेल, बाई, यात तर काहीच मिळालं नाही असं लिहिलंय. ती म्हणेल, असं कसं, आपल्या माणसानं दिलाय. त्यांना कपाळाला टेकलेला तो कागद दिसत राहिला. त्याच्या आड मुन्शींचा हात दिसला, थरथरता, कपबशी पुढं सरकवणारा. मुन्शी गेले तेव्हा हिवराळे मातीला गेले होते. मुन्शींच्या मुलाला उर्दू येत नव्हतं, तो म्हणाला होता, "अब्बा बोलते थे, मेरा काम राजानंद के पास है." तेव्हा त्या वाक्याचा त्यांना गर्व वाटला होता. आज पहिल्यांदाच त्यात दुसरं काही ऐकू आलं. मुन्शींनी ते ठेवायला दिलं नव्हतं. पुढं द्यायला दिलं होतं.

चारच्या सुमाराला ते उठून कल्याणीच्या टेबलापाशी गेले. उभेच राहिले. ती उठू लागली तर म्हणाले, "बसा."

"सर, बरं वाटत नाही का?"

"मॅडम, मी विसरून राह्यलो," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच निघाला. "धावड्याचा बस्ता कुठं हाय ते मला आठवत न्हाई. सर्व्हर-बिर्व्हर काही नव्हता. ती बाई गेली, तिला मी 'मिळून येत नाही' लिहून दिलं. शोधलं न्हाई बराबर. आणि फक्त धावडाच न्हाई. आजून काय काय गेलंय ते मलाच ठाव न्हाई."

कल्याणी त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांना वाटलं आता हिच्या चेहऱ्यावर कीव येईल, किंवा हिशेब चुकता झाल्याचं समाधान. तिनं फक्त पेन उचललं. "माझ्या आजीला असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "ती म्हणायची, मी विसरते ते विसरते, तुम्ही मला विचारायचं का सोडलं?" मग वहीची कोरी पानं काढत म्हणाली, "सर, एका टोकाकडून काढत जाऊ. आठवायचं नाही. नुसतं काढायचं, तुम्ही वाचायचं, मी लिहायचं. म्हातारीचा फोन नंबर अर्जावर आहे, मी करते."

त्या दिवशी सहापर्यंत आणि गुरुवारी सकाळी नऊपासून ते दोघं ती खोली काढत बसले. हिवराळे बस्ता सोडत, वरचा कागद वाचत, गाव, साल, कशाचा कागद ते सांगत, कल्याणी लिही. सुरुवातीला त्यांचा आवाज अडखळत होता. आतापर्यंत हे सगळं त्यांच्या आत बोललं गेलं होतं, बाहेर कधी आलं नव्हतं. मग आवाज लागला. एखाद्या कागदाशी ते थांबत आणि सांगू लागत: या गावची दोन नावं आहेत, जुन्या कागदात दुसरंच सापडेल, या पटवाऱ्याचं अक्षर असं की 'बे' आणि 'नून' एकच दिसतात, तेव्हा सालावरून ओळखायचं, फसली सालात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल येतं. कल्याणी तेही लिही. दुपारी तिनं विचारलं, "सर, हे आकडे कसे वाचायचे?" त्यांनी तिच्या वहीत एक ते नऊ काढून दिले. चार आणि पाच ती सारखी चुकत होती. त्यांना हसू आलं. मुन्शींकडे तेही तिथंच चुकत. "पाच म्हन्जे उलटा बदाम समजा," ते म्हणाले, आणि शरीरातून काहीतरी सैल झाल्यासारखं त्यांना वाटलं. काहीतरी जातं आहे, पण ओरबाडून नव्हे.

धावडा मात्र कुठं नव्हतं. तीन वाजले. शेवटचा रॅक संपला. कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी होती, वर खडूनं लिहिलेलं: "कोरे फॉर्म, निरुपयोगी."

"त्यात काय न्हाई," हिवराळे म्हणाले. "जुने कोरे फॉर्म हायेत."

"तेही लिहू ना," कल्याणी म्हणाली. "कोरे फॉर्म, एक पेटी." आणि तिनं कडी काढली.

पेटीचं झाकण किरकिरलं त्या आवाजासरशी हिवराळ्यांना सगळं एकदम आठवलं. अकरा वर्षांपूर्वी कागदांचे फोटो काढून संगणकात घालायला एक कंपनी आली होती. दोन महिने यंत्रं घरघरत होती. तेव्हाचे साहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला हिवराळे, आता तुम्ही मोकळे. आता तुमच्याशिवायही होईल." साहेब चांगल्या मनानंच म्हणाले होते. त्या शनिवारी ऑफिस रिकामं झाल्यावर हिवराळ्यांनी उर्दूचे सगळ्यांत महत्त्वाचे, अजून फोटो न झालेले अकरा बस्ते रॅकांवरून काढले, या पेटीत ठेवले, वर कोऱ्या फॉर्मांचे गठ्ठे रचले आणि वरती खडूनं लिहिलं. पुढं कित्येक वर्षं ते लागेल तेव्हा गुपचूप त्यातून काढून देत आणि लोक म्हणत, संगणकात नाही पण हिवराळ्यांकडे आहे. मग कधीतरी ते ठिकाणच त्यांच्यातून निघून गेलं होतं. लपवलेलं लपवणाऱ्याच्याच हाती उरलं नव्हतं.

कल्याणीनं फॉर्मांचे गठ्ठे बाजूला ठेवले. खालचं लाल कापड दिसलं. एक, दोन, तीन. तिनं मोजले. मग पेटीवरच्या खडूच्या अक्षराकडे पाहिलं. ते अक्षर ती तीन वर्षं शेजारच्या टेबलावर पाहत होती. हिवराळ्यांना तिच्याकडे बघवेना. ते पेटीपाशी खाली बसले, वरून चौथा बस्ता काढला, गाठ सोडली. धावडा. गावकामगारांच्या इनाम जमिनींचं रजिस्टर, फसली तेराशे चव्वेचाळीस.

कल्याणी म्हणाली, "सर, वहीत 'कुठे मिळाले' असा एक रकाना आहे." थोडं थांबून म्हणाली, "रॅक लिहू का?"

तिनं वाट काढून दिली होती. ती घ्यावी असं त्यांच्या अंगातलं सगळं म्हणत होतं. एक महिना राहिला होता. निरोपसमारंभ, शाल, साहेबांचं भाषण.

"न्हाई," ते म्हणाले. "लिहा, पेटीत मिळाले. कोरे फॉर्म असं लिहिलेल्या पेटीत. ठेवणार, रा. ना. हिवराळे." तिचं पेन थांबलेलं पाहून म्हणाले, "लिहा, ताई. उद्या कुणाला वाटलं की या खोलीतून कागद आपोआप गायब होतात, तर ते पुन्हा गायब होतील."

तिनं लिहिलं. मग ते साहेबांकडे जाऊन आले. साहेब आधी समजलेच नाहीत, मग चिडले, मग शांत झाले आणि लेखी खुलासा मागितला. हिवराळ्यांनी तिथंच बसून तो दोन ओळींत दिला, आणि कालचा दाखला रद्द करावा असा दुसरा कागद. त्या संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढता काढता त्यांनी दीपमालालाही सांगितलं. जावयाचं नाव, गिरणी, धावडा, पेटी, सगळं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. "मला ठाव होतं," ती म्हणाली. "तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते." पुढच्या सोमवारची डॉक्टरची वेळ तिनं आठवड्यापूर्वीच घेऊन ठेवली होती.

शुक्रवारी दहाच्या आत सगुणाबाई आली, यावेळी नातीला घेऊन. प्रीती अठराची, हातात प्लास्टिकची फाईल, डोळे जागलेले. कल्याणीनं त्यांना खिडकीबाहेर उभं केलं नाही. आत बोलावून बाकावर बसवलं, पाणी दिलं. उतारा तयार होता, मराठी तर्जुमा खाली, साहेबांची सही. हिवराळ्यांना सगुणाबाईच्या नजरेला नजर देववेना. "मावशी, परवा मी दिला तो कागद चुकीचा होता. त्यात 'न्हाई' लिहिलं होतं. मी बराबर शोधलं न्हाई."

"शेजारच्या पोरानं वाचला," सगुणाबाई म्हणाली. "मी त्याला म्हनलं, तुला वाचता येत न्हाई." एवढंच. मग तिनं हात पुढं केला. "कुठं हाय ते?"

त्यांनी मूळ रजिस्टर टेबलावर उघडलं. पानं तपकिरी, कडा झडलेल्या, शाई मात्र काळीभोर. हिवराळे वाचू लागले. "सटवा वल्द राणू, म्हन्जे राणूचा पोरगा सटवा. कौम महार. साकिन धावडा. लडका अप्पा, उमर सात साल."

ज्या शब्दापायी त्यांच्या माणसांनी देव बदलले, गावकीची कामं टाकली, नावं बदलली, तो शब्द खोलीत एकदा उच्चारला गेला. प्रीतीच्या दाखल्याला तोच लागत होता. ती थोडी ताठ बसली. सगुणाबाईचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं.

"अप्पा म्हन्जे आमचे मामंजी," ती म्हणाली. "अप्पाराव. सात साल? त्यांचे तर केस पांढरेच बघितले मी. आणि हे राणू कोन?"

"तुमच्या सासऱ्याचे आजे."

"राणू," ती हळूच म्हणाली. "हे नावच म्हाईत नव्हतं कोनाला घरात." तिनं नातीचा हात धरून पानावर नेला. "दाव गं, कुठं लिवलंय." प्रीती डावीकडून बोट फिरवू लागली तसं हिवराळ्यांनी तिचं बोट अलगद उजवीकडे आणून ठेवलं. "इकडून. हा 'रे', हा 'अलिफ'." पोरीचं बोट शाईखालून सरकत गेलं. समितीनं त्या दुपारी तो उतारा मान्य केला, आणि पुढं पंधरा दिवसांत तिची जागा पक्की झाली. पण त्या घटकेला कुणालाच ते माहीत नव्हतं, आणि कुणाला घाईही दिसत नव्हती.

"पुढं काय लिवलंय?" सगुणाबाईनं विचारलं.

हिवराळ्यांनी पुढच्या रकान्याकडे पाहिलं. आकडे होते. ते त्यांनी हजारदा वाचले होते, आणि आता ते नुसत्या रेघा होत्या. त्यांनी श्वास घेतला. घाबरायला व्हायचं थांबलं नव्हतं, पण लपवायची धडपड थांबली होती. "हे मला आत्ता लागत न्हाई," ते म्हणाले. "ताई, बघा बरं."

कल्याणी पुढं झाली. पानावर वाकली, ओठ हलवले, स्वतःच्या वहीत एकदा पाहिलं. "चार एकर," ती सावकाश म्हणाली, "...अकरा गुंठे. इनाम."

सगुणाबाईनं मान वर केली. कल्याणीकडे पाहिलं, हिवराळ्यांकडे पाहिलं. तिचा आवाज खाली आला.

"चार एकर? आमची?" ती म्हणाली. "माझा नवरा जनमभर दुसऱ्याच्या वावरात राबला. मंग ती जमीन कुठं गेली?"

प्रीतीचं बोट पानावर तसंच होतं.

"ते दुसऱ्या बस्त्यात आसंल," हिवराळे म्हणाले. "अर्ज द्या, मावशी. मी महिनाभर हाय. मी न्हाई राह्यलो तरी या कल्याणीताई काढून देतील."